कलम नऊ आणि न खोचलेला शर्ट

४ जानेवारी

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला त्याहून मोठा नमस्कार, आणि तुमच्या कन्यारत्नाला आत्याचा एक गालगुच्चा, तिला तो आता आवडत नसला तरी. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचा स्वभावच तसा, त्याचं फार मनावर घ्यायचं नाही.

पत्रास कारण आहे, पण ते मी लगेच सांगणार नाही. फोन केला असता तर तू "हो, बरं, ठेवतो" म्हणून मोकळा झाला असतास. सलूनमध्ये बसलेल्या गिऱ्हाइकाशी तू दिवसभर जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलतोस, तुझी कात्री आणि तुझी जीभ यांत आधी कोण दमेल यावर लोक पैजा लावतात, आणि सख्ख्या बहिणीच्या वाट्याला फोनवर तीन शब्द येतात. म्हणून पत्र. पत्राला मध्येच "ठेवतो" म्हणता येत नाही.

तर आमच्या विधेयकाची खबर. मुलांच्या वॉर्डातली नोकरी सांभाळून मी हल्ली विधानभवनाच्या कॉरिडॉरमध्ये इतकी फिरते की दारावरचे शिपाई मला चहा विचारतात. आम्ही तिघं असतो. वकीलबाई, आमच्या मानसोपचार विभागाचे डॉक्टर आणि मी, परिचारिका. वकीलबाईंची शिकवण अशी की एका आमदाराला एकच मुद्दा सांगायचा, आणि तो लिफ्टपाशी पोचायच्या आत संपवायचा. डॉक्टरांना हे काही केल्या जमत नाही. ते मेंदूपासून सुरुवात करतात. आमदार लिफ्टमध्ये शिरला तरी ते मेंदूतच असतात. मग आम्ही युक्ती काढली. तिथली मागच्या बाजूची लिफ्ट जुनी आणि सुस्त आहे. आमदार तिच्यात शिरले की डॉक्टरही शिरतात. चौथ्या मजल्यापर्यंत माणूस पळणार कुठे? दोन आमदार आम्ही असे लिफ्टमध्येच आमच्या बाजूला वळवले.

विधेयकात बरंच काही आहे. प्रत्येक बालगृहात समुपदेशक असावा. मुलाला एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवलं तरी त्याचा समुपदेशक बदलू नये. आईवडील मनाच्या आजाराने इस्पितळात असतील तर मुलांना त्यांना भेटता यावं. आणि कलम नऊ, भावंडांना वेगवेगळ्या बालगृहांत टाकू नये. असो.

समितीत एक आमदार आहेत, त्यांना प्रत्येक कायदा "सुटसुटीत" हवा असतो. आम्ही आपसात त्यांना सुटसुटीतराव म्हणतो. माणूस वाईट नाही, पण कलम दिसलं की त्याचा हात छाटायला शिवशिवतो. तुझ्या धंद्यात शोभला असता. त्यांनी आता कलम नऊवर बोट ठेवलंय. म्हणतात, बाकी प्रत्येक कलमासाठी कुणी ना कुणी येऊन बोलणार आहे, या कलमासाठी बोलायला एकही माणूस नाही, मग ते ठेवायचं कशाला? मुलांची आणि मुलींची गृहं वेगळी आहेत, वयानुसार इमारती वेगळ्या आहेत, सगळी घडी मोडेल. वकीलबाई म्हणाल्या, जनसुनावणीत कुणी बोललं नाही तर हे कलम गेलंच म्हणून समजा.

जनसुनावणी या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे. बोलायला तीन मिनिटं, मग घंटी. नावं आधीच नोंदवावी लागतात. फक्त एकाच घरातली माणसं असतील तर ती एका नावावर मिळून बोलू शकतात, पण मिनिटं तीनच. परवा एक नवरा-बायको दुसऱ्या कुठल्याशा विधेयकावर बोलले. नवऱ्याने पावणेतीन मिनिटं घेतली आणि बायकोने उरलेल्या वेळात त्याचं सगळं म्हणणं खोडून काढलं. समिती खूष झाली.

वहिनी सांगत होती की तू अजूनही शर्ट खोचत नाहीस. कन्येच्या शाळेच्या कार्यक्रमालासुद्धा तसाच गेलास म्हणे. इतका टापटिपीचा माणूस, दुसऱ्याच्या मानेवरचा एक केस राहिलेला तुला खपत नाही, आणि स्वतःचा शर्ट मात्र बाहेर. तिने माझ्याकडे तक्रार नोंदवली आहे, मी ती पुढे पाठवते आहे.

सलून गुरुवारी बंद असतं ना रे? सहज विचारलं.

तुझी बहीण


१६ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं, तर दरवाजावरच्या "सलून बंद आहे" या पाटीलाही म्हणावं लागेल. गुडघ्याला गरम पाण्याने शेक दे. कन्या बरी आहे. वहिनीने नमस्कार सांगितला आहे. सलून गुरुवारी उघडं असतं. संपलं.

मी "सहज" विचारलं आणि तूही सहज उत्तर दिलंस. आता सहज पुरे झालं, दादा. सरळच लिहिते.

कलम नऊ मी लिहिलं आहे. वकीलबाईंनी त्याला कायद्याचे कपडे चढवले, पण आतलं अंग माझं. त्यांनी तेव्हा विचारलं होतं की हे कुठून सुचलं. मी म्हटलं, वॉर्डात रोज बघते ना. ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे सध्या एक चिमुरडी आहे. महिनोन् महिने कुणाशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी खटपट करून तिच्या भावाला दुसऱ्या गावातल्या बालगृहातून एका दुपारपुरतं आणलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "तुझा दात कुठंय?" तिचं पहिलं वाक्य ते. आम्ही सगळ्या नर्सेस औषधांच्या खोलीत जाऊन नाचलो, अक्षरशः नाचलो, गुडघ्यासकट.

पण तिची गोष्ट मला समितीसमोर सांगता येत नाही. वॉर्डातल्या मुलांची गोष्ट वॉर्डाबाहेर जात नाही, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. ती कोण, कुठली, हे मी तुलाही सांगितलेलं नाही. म्हणजे कलम नऊसाठी सांगण्यासारखी, माझ्या हक्काची गोष्ट माझ्याकडे एकच उरते, आणि तीही अर्धीच माझी आहे. अर्धी तुझी. तुझी अर्धी तुला विचारल्याशिवाय मी कुणाला देणार नाही. म्हणून विचारते आहे.

आपण हे कधी बोललो नाही, म्हणून मला काय आठवतं ते एकदा लिहितेच. तपासून बघ.

आईला इस्पितळात नेल्यावर, बाबा तर आधीच गेलेले, आपल्याला एका कचेरीत बसवलं होतं. लांबलचक बाक, भिंतीशी वजनकाटा, आणि एक बाई कात्री घेऊन उभी. तिथल्या रिवाजाप्रमाणे आत येणाऱ्या प्रत्येक पोराचे केस आधी कापायचे, उवांच्या भीतीने. मी भोकाड पसरलं. तू त्या बाईला म्हणालास, "हिचे मी कापतो." तू नऊ वर्षांचा. बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने कात्री तुझ्या हातात दिली. तू जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून माझे केस कापलेस, आणि इतके वाकडे कापलेस की ती बाईसुद्धा हसली. मीही हसले. तुझं ते पहिलं गिऱ्हाईक. मग तुला एका दाराने नेलं आणि मला दुसऱ्या. मोठ्या मुलग्यांची इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, तिथली पद्धतच तशी होती. माझे केस वाढून सारखे होईपर्यंत मी आरशात बघून तू आहेस असं धरून चालायचे. एक दिवस ते सारखे झाले.

पुढे तुझ्या कागदावर बाबांचं आडनाव लागलं, माझ्या कागदावर कुणीतरी आईचं लावलं, आणि सरकारदरबारी आपण एकमेकांचे कुणीच उरलो नाही. मी नर्सिंगला असताना तुला किती शोधलं ते सांगत बसत नाही. सापडलास ते मात्र सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, टोकं छाटा. मला धीर होत नव्हता. तू नेहमीप्रमाणे बडबडत होतास, हवामान, रस्ते, कुणाचं तरी लग्न. कंगवा फिरवताना तुझी कात्री थांबली. तू म्हणालास, "इथं दोन भोवरे आहेत." मी म्हटलं, "आहेत." शेजारच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या गालाला फेस लावून तासभर बसून राहिला बिचारा, आणि तुला पैसे द्यायचे की तुझ्याकडून घ्यायचे हेच त्याला समजेना.

त्याच दिवशी तू म्हणालास की झालं ते झालं, आईचं आणि त्या जागेचं कुणाला सांगायचं नाही, लोक वेडीची पोरं म्हणतात. मी कबूल केलं. तेव्हापासून आपण मामाकडे वाढलो. तो मामा आपण दोघांनी मिळून जन्माला घातला. मागे कन्येने विचारलं, मामा काय करायचे, तर तू म्हणालास रेल्वेत होते, आणि मी त्याच क्षणी म्हणाले शिक्षक होते. एकाच मामाला आपण दोन नोकऱ्या दिल्या. पोरीने आपल्या दोघांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

लहानपणी तू मला एका नावाने हाक मारायचास. सापडल्यापासून तू ते नाव एकदाही घेतलेलं नाहीस. मीही आठवण करून दिली नाही. वाटलं, ते नाव घेतलं की बाकीचं सगळंही मागोमाग येईल, आणि तुला ते नको आहे.

मी सुनावणीसाठी माझं नाव नोंदवलं आहे. तू नाही म्हणालास तर मी आपली गोष्ट सांगणार नाही, वॉर्डातला सर्वसाधारण अनुभव सांगेन आणि कलम वाचवायचा प्रयत्न करेन. वाचेल असं वाटत नाही. पण ते माझं मी बघेन, त्याचं ओझं तू घेऊ नकोस. तुझ्यावर माझा काडीइतकाही रुसवा असणार नाही, हे मी शपथेवर लिहिते. फक्त या वेळी शेक देण्यापलीकडचं काहीतरी लिही.

आई वाईट नव्हती, दादा. आजारी होती. हे मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना समजावून सांगते. एकदा आपल्यालाही सांगावं म्हटलं.

तुझी बहीण


१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू म्हणशील, मी तिथेच तर होतो, मला काय सांगतेस? पण तू समितीकडे तोंड करून उभा होतास. तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला दिसलेलं नाही, आणि मला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय करमणार नाही. शिवाय तुझं सलूनमधलं वर्णन मला कळलं आहे. त्यात म्हणे तू एकट्याने विधेयक वाचवलंस. तेव्हा खरं काय ते लिहून ठेवलेलं बरं.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मी ते "नाही" असं धरलं. वाईट वाटलं, पण शपथ घेतली होती. गुरुवारी मी डॉक्टरांनी दुरुस्त केलेलं टिपण घेऊन गेले. त्यात मेंदू तीनदा आला होता. माझं नाव पुकारलं, मी माईकपाशी गेले, आणि दाराशी गलका झाला. बघते तर तू. पांढरा इस्त्रीचा शर्ट, अर्थातच बाहेर, आणि शिपायाशी हुज्जत. तपासणीचं यंत्र तुझ्या खिशातल्या कात्रीवर ओरडत होतं. तू कात्री घेऊन विधानभवनात आलास, दादा. सुटसुटीतरावांच्या मनातलाच माणूस. शेवटी कात्री शिपायाच्या टेबलावर राहिली आणि तू आत आलास. मागे वहिनी, तिच्या मागे कन्या. माझ्या हातातलं टिपण खाली पडलं. ते मी नंतर उचललंच नाही, डॉक्टरांना सांगू नकोस.

समितीच्या सचिवांनी विचारलं, तुमचं नाव यादीत आहे का? तू म्हणालास, नाही, मी हिच्या वेळेत बोलणार, मी हिचा भाऊ. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, दोघांची आडनावं वेगळी आहेत, घरचे असल्याचा काही दाखला लागेल. सुटसुटीतराव लगेच म्हणाले की नियम म्हणजे नियम. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं, आता तू "हो, बरं" म्हणून परत जाणार.

तू म्हणालास, "कागद नाही. म्हणूनच आलोय."

पाठीमागचं पहिलं दृश्य हे. कोपऱ्यात एक गृहस्थ पेपर वाचत होते, त्यांनी तो घडी करून मांडीवर ठेवला. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कलम नऊ कुठून सुचलं, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं.

मग तू म्हणालास, डोकं चालेल का? हिच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, माझ्याही आहेत, असेच शेजारी शेजारी. आणि चक्क मान खाली घालून उभा राहिलास. मीही राहिले, काय करणार? अध्यक्षबाईंनी सचिवांना बघायला पाठवलं. त्या सचिवांच्या स्वतःच्या डोक्यावर भोवऱ्याला जागाच उरलेली नाही. ते बिचारे गंभीर चेहऱ्याने आधी तुझं डोकं बघून आले, मग माझं, आणि तू मात्र वाकल्या वाकल्या त्यांच्या डोक्याकडे असं हळहळून पाहिलंस की मला हसू आवरेना. ते जागेवर जाऊन म्हणाले, आहेत. लोक हसले. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "भोवरे हा काही पुरावा नव्हे. पण समितीची खात्री पटलेली आहे. नोंद करा. भाऊ आणि बहीण, एकत्र."

दादा, सचिवांनी ते लिहिलं. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. सरकारच्या कागदावर आपण दोघं एका ओळीत पहिल्यांदा आलो. मला इतका आनंद झाला की मी बोलायचं विसरले. तू मात्र सुरू झालास.

तू काय बोललास ते तुला माहीत आहे. "आमची आई वाईट नव्हती, आजारी होती" इथून तू सुरुवात केलीस. माझं वाक्य माझ्याआधी घेतलंस, पण माफ केलं. बाक, वजनकाटा, कात्री, वाकडे केस, सगळं तू सांगितलंस. मला वाटत होतं की तू विसरला असशील. तू त्या बाईच्या साडीचा रंगसुद्धा सांगितलास, तो मला आठवत नव्हता. तेवढ्यात घंटी वाजली. तू हात वर करून म्हणालास, "जरा थांबा, मानेवरचं राहिलंय." पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाईंनी घंटी उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली, हे तू पाहिलंस की नाही कोण जाणे.

मग सुटसुटीतरावांनी विचारलं, आणि मी त्यांना दोष देत नाही, प्रश्न नेमकाच होता. ते म्हणाले, तुम्ही दोघंही कष्टाने मोठे झालात, चांगले संसार करता, मग वेगळं ठेवल्याने नेमकं नुकसान काय झालं?

तुझा हात आधी खिशाकडे गेला, पण कात्री शिपायाकडे होती. मग तू म्हणालास, "साहेब, ही लहान असताना कुठंही निघालो की माझ्या शर्टाचं मागचं टोक धरून चालायची. हिचं नाव तेव्हा शेपूट होतं. वेगळं केल्यावर मी कित्येक वर्षं चालता चालता मागं हात नेऊन बघायचो. अजून शर्ट खोचत नाही."

ऐक, पाठीमागे काय झालं ते. वहिनीने तोंडाला पदर लावला आणि ती हसत होती की रडत होती ते तिलाच ठाऊक. इतकी वर्षं ती तुझ्या ज्या शर्टावर वैतागली, तो शर्ट ती असा बघत होती जणू काल शिवून आणलाय. डॉक्टर उघड उघड रडत होते. वकीलबाई, ज्या कुठल्याही खटल्यात रडलेल्या नाहीत, त्या विधेयकाच्या प्रतीने चष्मा पुसत होत्या. आणि तुझी लेक उठून उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय केलं ते तुला माहीत नाही. मी तुझ्या मागेच उभी होते, आणि मला हात पुढे करायचा धीर झाला नाही. इतक्या लोकांत कसं करणार? मला एवढंच म्हणता आलं की माझंही म्हणणं हेच आहे. समितीच्या इतिवृत्तात माझं भाषण हे असं एका वाक्याचं आहे. हल्ली फोनवर तीन शब्द बोलणारं आपल्या घरात कोण आहे, ते लोकांनी वाचून ठरवावं.

नंतर कॅंटीनमध्ये तू आमदारांना केसगळतीवर सल्ले देत होतास, तेव्हा वहिनीने मला सगळं सांगितलं. तू माझं पत्र दोन दिवस सलूनमध्ये टॉवेलांखाली ठेवलंस आणि मग तिच्यासमोर ठेवून मान फिरवून बसलास. तिने वाचलं आणि म्हणाली, बरं, मग निघायचं कधी? तू थक्क. ती म्हणाली, अहो, हे तर मला लग्नाआधीपासून माहीत आहे. तिचे वडील तुझं गिऱ्हाईक होते ना. तू त्यांना केस कापता कापता एका मित्राची गोष्ट सांगितली होतीस, त्याची बहीण हरवली होती म्हणून. ते घरी जाऊन म्हणाले, गोष्ट त्याची स्वतःचीच आहे, कारण सांगताना त्याची कात्री थांबली होती. पोरगी इथेच द्यायची. म्हणजे ज्या गोष्टीपायी तुला लोक नाकारतील असं तुला वाटत होतं, त्याच गोष्टीने तुझं लग्न जमवलं.

आणि ही "मित्राची गोष्ट" तू वर्षानुवर्षं अर्ध्या गावाला ऐकवत आला आहेस म्हणे. सगळे जण ओळखून होते आणि सगळे गप्प होते. कन्येला विचारलं, तर ती म्हणाली, "आत्या, मामा रेल्वेत शिक्षक होता असं तरी ठरवायचं होतंत." दादा, त्या घरात गुपित तू एकटाच पाळत होतास.

आता बातमी, जिच्यासाठी हे पत्र काल रात्रीच टाकायचं आवरून धरलं होतं. समितीची बैठक झाली. कलम नऊ राहिलं. एवढंच नाही. सुटसुटीतराव उठले आणि म्हणाले, या कलमात एक त्रुटी आहे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. तर ते म्हणाले, हे कलम पुढे येणाऱ्या भावंडांचं बघतं, पण जी आजच्या तारखेला वेगवेगळी ठेवलेली आहेत त्यांचं काय? त्यांना शोधून एकत्र आणण्याची जबाबदारीही खात्यावर टाका. विधेयक लांबलं, आणि लांबवलं कुणी, तर सुटसुटीतरावांनी. सगळ्यांनी त्याच्या बाजूने हात वर केले. पुढच्या महिन्यात ते मोठ्या सभागृहापुढे जाईल, तिथे काय होईल ते होईल, पण वकीलबाई म्हणतात की आता त्याला धक्का लागणं कठीण. डॉक्टरांना सुटसुटीतराव लिफ्टमध्ये भेटले, आणि डॉक्टरांनी फक्त "आभारी आहे" म्हटलं, मेंदूचा उल्लेख न करता.

वॉर्डातल्या माझ्या चिमुरडीला यातलं काही माहीत नाही. पण आज दुपारी मी तिच्या शेजारी बसून तिच्या केसांच्या दोन वेण्या घालत होते तेव्हा ती म्हणाली, दादाचा नवा दात आला असेल का? मी म्हटलं, आपण लवकरच बघू. आजवर मी असं कुणाला खात्रीने सांगितलं नव्हतं.

एक राहिलं. विधानभवनातून निघताना पायऱ्यांवर गर्दी होती. वहिनी आणि कन्या पुढे गेल्या, तू शिपायाकडून कात्री घेऊन उतरायला लागलास, मी तुझ्या मागे. माझा गुडघा कुरकुरत होता, हे निमित्त होतंच. मी तुझ्या शर्टाचं टोक धरलं. तू मागे वळून पाहिलं नाहीस. फक्त हात मागे नेलास, माझी बोटं तिथे आहेत का ते चाचपलंस, आणि एकेक पायरी सावकाश उतरायला लागलास, मला झेपेल अशी.

शर्ट खोचू नकोस. वहिनीची तक्रार मी रद्द केली आहे.

तुझी,
शेपूट